लेकुरवाळीच्या हातचा कोंडा

माझी थोरली बहीण डुकरं पाळायची. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी इथेच थांबावं, पुढची पोस्ट तुमच्यासाठी नाही.

आज आक्काला जाऊन वर्ष झालं आणि माझा राग अजून गेलेला नाही. गावावर आहे, दाजींवर आहे, सगळ्यात जास्त तिच्यावरच आहे.

चंदगडकडे तिचं शेड होतं. माल गोव्याला जायचा. दाजी टेम्पो चालवायचे, बाकी सगळं आक्का.

कुठली डुकरीण कधी माजावर येणार, कुठली कधी विणार, हे ती नुसती चाल बघून सांगायची.

एवढी हुशार बाई. आणि एका बाबतीत ठार वेडी.

आक्काला मूल नव्हतं. म्हणून डुकरीण गाभण राहिली की ही स्वतः तिला आधी हात लावायची नाही. गल्लीतल्या सुलावैनींना बोलवायची. वैनी लेकुरवाळ्या. त्यांनी डुकरिणीला हळदीकुंकू लावायचं, पहिला कोंडा त्यांच्या हातचा, मगच आक्का पुढचं बघणार.

हो, डुकरिणीला हळदीकुंकू. गाईला चालतं, मग हिनं काय घोडं मारलंय, असं आक्काचं म्हणणं.

सुलावैनींच्या परड्यातही डुकरं होती. तिकडची घाण काढून त्या तशाच पायांनी इकडे यायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग एका वर्षी पहिलटकरणी बिघडल्या.

म्हणजे डुकरीण ठणठणीत. ताप नाही, खाणं व्यवस्थित. आणि विताना बघावं तर निम्मी पिल्लं काळी, पोटातच वाळून गेलेली. काही तर बोटाएवढी. काही डुकरिणी गाभण राहिल्यासारख्या वाटल्या आणि फिरून माजावर आल्या.

जुन्या डुकरिणींना मात्र काहीच नाही.

गावाला एवढं पुरलं. जनावर आजारी दिसत नाही, म्हणजे हा आजार नव्हेच. मग काय? तर सावली. वांझेची सावली म्हणे पहिलटकरणीवरच पडते.

वा रे लॉजिक.

ज्यांनी जन्मात डुकराचं शेड बघितलं नाही, तेसुद्धा एक्स्पर्ट झाले. दाजी गप्प. दाजींना गप्प बसायचा चांगला सराव होता.

आणि आमची आक्का? तिला ते पटलं! सगळ्या डुकरिणी विकून टाकते म्हणाली. मी रजा टाकली, एसटी पकडली, आणि भांडून जनावरांचे डॉक्टर आणले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? नर कुठाय.

आधी नराचं रक्त घेतलं, मग माद्यांचं. वाळलेली पिल्लं बर्फात घालून लॅबला पाठवली.

मी दाजींकडे बघत होते. आक्काचे किती डॉक्टर झाले, किती देव झाले, किती बाबा झाले. या माणसाची एक टेस्ट कुणी केली नाही. डुकरिणीला जो न्याय मिळाला तो माझ्या बहिणीला मिळाला नाही.

रिपोर्ट आला. पार्व्हो. कुत्र्यांचा तो नव्हे, डुकरांचा विषाणू वेगळा. माणसाला होत नाही, उगाच घाबरून फॉरवर्ड करू नका.

हा मोठ्या डुकरिणीला काही करत नाही, पोटातली पिल्लं मारतो. जुन्यांना आधीच होऊन गेला होता, म्हणून त्या वाचल्या. आणि तो घाणीतून, पायांना, चपलांना चिकटून एका शेडातून दुसऱ्या शेडात जातो.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेरून आत कोण येतं?



शुभ हात हवा म्हणून जिला बोलावलं, तिच्याच पायांनी रोग आत आला. सुलावैनींना मी बोल लावणार नाही, बोलावलं म्हणून आल्या बिचाऱ्या.

आक्काने डॉक्टरांना एकच विचारलं.

"म्हंजे माझा हात नडला न्हाय?"

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. हाताचा काय संबंध, चपलांचं बघा, म्हणाले.

विकणं थांबलं. पहिलटकरणींना लस सुरू झाली. दारात औषधाचं घमेलं आलं. लोक कातडी चपला त्यात बुडवायला तयार नव्हते, त्यांना आक्काने दारातच चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या खेपेला तिचा फोन आला.

"शैले, औंदा मीच कोंडा घातलो. समदी जित्ती हाईत."

रडत होती. मी बँकेत काउंटरवर बसून रडले.

वाटलं, सुटली एकदाची.

कसलं काय! माझ्या लेकीचं डोहाळेजेवण होतं. आक्का पहाटेपासून राबत होती. ओटी भरायची वेळ झाली आणि बाई गायब. बघते तर मोरीत भांडी घासत बसलेली.

मी भांडले. लेक पोट सांभाळत स्वतः बोलवायला आली. आक्का जागची हलली नाही. मी म्हटलं, अगं, एवढा रिपोर्ट आला, अजून काय पाहिजे तुला?

"त्यो डुकरिणीचा आला की शैले. माझा कुठं आलाय?"



महिन्याभरात गेली. हार्ट अटॅक. बाळाचं तोंड बघायचं राहिलं.

नात झाली तेव्हा तिला गुंडाळायला मी आक्काची जुनी मऊ सुती साडी काढली. बघायला आलेली एक बाई कानाशी येऊन म्हणाली, अगं तिची नको, एखाद्या लेकुरवाळीची घे.

मी त्याच साडीत पोरीला गुंडाळलं आणि त्या बाईला दार दाखवलं.

पोरगी आता धरून उभी राहते. गुटगुटीत आहे. तुझ्या साडीच्या दुपट्याशिवाय झोपत नाही. दुसरं दिलं की घर डोक्यावर घेते.

तिला काही झालेलं नाही, आक्का. ऐकतीयस ना? काहीही झालेलं नाही.

माझ्या वेड्या बहिणीला श्रद्धांजली.