साडूंची कोळशाची मोटार

चालत्या वस्तूवर जीव टाकणारा आणि ती चालेनाशी झाली की दुप्पट जीव टाकणारा आमच्या थोरल्या साडूंसारखा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या बायकोनं तो लपवून ठेवला असेल. ओतूरला त्यांची बागायत होती, कांद्याचं पीक चांगलं येई, चार माणसांत शब्दाला वजन होतं. पण डोकं सगळं चाकांत अडकलेलं. लग्नाहून परत आले की नवरी कशी होती हे त्यांना सांगता येत नसे. वऱ्हाडाचा टेम्पो कुठल्या सालचा आणि त्याचा कुठला पाटा मोडायला आलाय हे मात्र जेवण होईपर्यंत ऐकावं लागे. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि साडू गायब! शोधाशोध झाली तेव्हा ते माझ्या काकांच्या जुन्या जीपखाली उताणे सापडले. तसेच काळ्या हातांनी येऊन त्यांनी अक्षता टाकल्या आणि मोठ्या प्रेमानं मेहुणीच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या सौभाग्यवतींच्या शालूवर ती पाच बोटं अजून आहेत.

एकदा एका घरी सांत्वनाला म्हणून गेले आणि येताना बैलगाडीचा जुना आस खांद्यावर घेऊन आले. मी चिडलोच. म्हटलं, "अहो, दुःखाच्या घरी वस्तू मागायची असते का?" तर शांतपणे म्हणाले, "मागितला न्हाई पावणं. त्यांनीच इचारलं, आठवण म्हणून काय नेता का." टांग्याचे दिवे, घोड्याच्या घुंगरांचे पट्टे, बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा, असला सगळा पसारा त्यांच्या पडवीत टांगलेला असे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, सकाळी देवाला फूल वाहायला गेल्या तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी तेलानं पुसलेल्या दोन स्प्रिंगा. साडू आतून ओरडले, "राहू दे गं, तिथं मुंग्या येत न्हाईत."

तर नव्वद साल उलटल्यावर कधीतरी हे गृहस्थ बियाणं आणायला घोडेगावकडे गेले आणि बियाणं विसरून परत आले. तिकडं एका मळ्यात त्यांना लांब नाकाची, लाकडी सांगाड्याची एक जुनी प्रवासी मोटार दिसली होती. महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा असल्या गाड्या कोळशावर चालवत. गाडीच्या पाठीला न्हाणीतल्या बंबासारखं एक उभं पत्र्याचं पिंप असे. त्यात कोळसा पेटवायचा, बाजूचा पंखा हातानं अर्धा तास फिरवायचा, मग त्या कोळशाचा वायू नळीतून इंजिनात जायचा आणि इंजिनाच्या मनात आलं तर गाडी सुरू व्हायची. मळेकरी म्हणाला, "न्या की राव, तेवढीच जागा मोकळी हुईल." दुसऱ्या दिवशी साडू ट्रॅक्टर, दोर आणि चार गडी घेऊन हजर. बघतात तर ड्रायव्हरच्या जागेवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. साडूंनी ट्रॅक्टर तसाच माघारी वळवला. "ती आधी बसलीय. तिचं उरकू द्या." मग दर चार दिवसांनी एवढ्या लांब फटफटी मारून ते कोंबडीची तब्येत विचारून येत. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि बाविसाव्या दिवशी मोटार ओतुरात आली. अक्का म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणाला माहेरी एवढ्या खेपा घातल्या न्हाईत ह्यांनी."

मोटारीला उन्हापावसात ठेवणं शक्यच नव्हतं. ती शिरली कांदा साठवायच्या चाळीत, आणि चाळीतला कांदा शिरला घरात. त्या घरी मुक्कामाला गेलो की उशाला कांदा, पायथ्याला कांदा, आणि मधे मी. मोटारीचं काम चालायचं शुक्रवारी, कारण त्या दिवशी जुन्नरचे चाचा दुकान बंद ठेवून येत. चाचा बाजारात पत्र्याच्या पेट्या आणि डबे करत. हातात अशी कला की पत्रा त्यांना घाबरून आपसूक वळत असावा. एका पैशाची अपेक्षा न ठेवता हा माणूस आठ वर्षं येत राहिला, आणि आठही वर्षं दोघं भांडत राहिले. साडूंचा नियम एकच: जुन्या गाडीला नवा नट लावायचा नाही. "म्हाताऱ्याला कवळी बसवा, माझी ना न्हाई. पण दुसऱ्याचं डोकं बसवू नका." एकेका नटासाठी दोघं भंगाराच्या दुकानांत दिवसच्या दिवस घालवत. "चाचा, हा रिव्हेट तिरका बसला," असं साडू म्हणाले की चाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "रिव्हेट बराबर हाय. तुमची मान तिरकी हाय." आणि मग चहा.

आठव्या वर्षी अक्कांचा धीर सुटला. लेक माहेरपणाला आली आणि तिला आडवं व्हायला जागा नाही, चारही खोल्यांत कांदा! अक्कांनी सरळ भंगारवाल्याला निरोप धाडला आणि सोमवार ठरवून टाकला. साडू दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यातच जुन्नरहून एका समितीचं कार्ड आलं: जुनी वाहनं जतन करणाऱ्यांचा रविवारी सकाळी अकराला सत्कार. कार्डावर साडूंचं नाव आणि पुढे "व इतर". ते इतर म्हणजे चाचा. चाचांचंही नाव घाला म्हणून साडूंनी समितीला दोनदा निरोप पाठवला होता, पण छापलेलं कार्ड कोण बदलतो? रात्री जेवताना साडू ताटातून वर न बघता म्हणाले, "रविवारी मोटार आपल्या पायांनी, सत्काराच्या येळेला जुन्नरात पोचली, तर ती ऱ्हायली. न्हाई पोचली, तर सोमवारी मी सोता हात लावून ट्रकात चढवून देतो." अक्का म्हणाल्या, "शब्द?" ते म्हणाले, "शब्द." हे बोलताना ते हसले नाहीत. त्यांना असं न हसता बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

रविवारी उजाडताच चाचांनी कोळसा पेटवला. निम्मं ओतूर गोळा झालं होतं. साडू धुवट धोतर, कोट, कपाळाला गंध अशा थाटात म्हणाले, "बसा पावणं, खिडकीची जागा ठेवलीय तुमाला." मी त्या धुराकडे पाहिलं, पिंपातून येणाऱ्या खोकल्यासारख्या आवाजाकडे कान दिला, आणि म्हटलं, "अक्कांना सोबत हवी, आम्ही यष्टीनं पुढं होतो." मी शहाणा!

जुन्नरला मंडप, सतरंज्या, कर्णा, सगळं जोरात होतं. घोड्यासकट टांगा आणलेले एक आजोबा होते, आजोळची छपराची बैलगाडी जपलेला एक शिक्षक होता. त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. साडूंचं नाव पुकारलं. खुर्ची मोकळी. साडेअकराला पुन्हा पुकारलं, बाराला पुन्हा. मग अध्यक्ष कर्ण्यातून म्हणाले, "गाडी बहुतेक पुढच्या वर्षीच्या सत्काराला पोचेल!" मंडप हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "उद्या वजनावर जायचीय म्हनं ती!" पुन्हा हशा. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. शेजारी बघतो तर अक्कांची जागा रिकामी. त्या पदर खोचून स्टेजवर चढल्या होत्या आणि अध्यक्षांच्या हातातून माईक घेत होत्या.

"आठ वर्षं त्या गाडीला मी शिव्या घातल्या," अक्का म्हणाल्या. "रोज घातल्या. तो माझा हक्क हाय. माझ्या घरात कांदा झोपतो अन् मी पडवीत झोपते. तुमी कोण हसणार? तुमच्यातल्या एकानं तरी एका कोंबडीसाठी एकवीस दिस वाट बघितलीय का?" मंडपाला कोंबडीचं काही कळलं नाही, पण हसायची कोणाची छाती झाली नाही. "आन् त्या कार्डावर 'व इतर' लिवलंय, त्यांना नाव हाय. ते चाचा म्हणून लिवा." माईक परत देऊन त्या खाली उतरल्या, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि म्हणाल्या, "चला पावणं. त्यांना काय झालं बघू."

वडापची जीप करून आम्ही उलटे निघालो. खिंडीच्या चढावर मोटार उभी. आत वीसेक माणसं आणि दोन शेळ्या, मागे चाचा पंखा फिरवताहेत, शेजारी साडू, दोघांची तोंडं बंबाच्या बुडासारखी. झालं होतं असं की या गाडीचा विस्तव इंजिन चालतंय तोवरच फुलतो; गाडी थांबली की तो बसतो, आणि पुन्हा अर्धा तास पंखा. हे साडूंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी रस्त्यात ज्यानं ज्यानं हात केला त्याच्यासाठी ते थांबले होते. एक म्हातारी अशाच गाडीतून नवरी होऊन सासरी आली होती, तिला बसायचं होतं. एक जण तर नुसता समोरच्या बांधापर्यंत जायला चढला होता.

"आवो, बारा वाजून गेले!" अक्का ओरडल्या. "थांबत कशाला बसला?"

"म्हातारीनं हात केला गं," साडू म्हणाले. "माणूस टाकून जायचं, तर तिला गाडी कशाला म्हणायचं?" मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसून, आणखी काळं करून, हळू म्हणाले, "हरलो मी. शब्द म्हंजी शब्द. उद्या भरून देतो."

शेळ्या तेवढ्या बोलत होत्या. अक्कांनी पुन्हा पदर खोचला. "सरका चाचा, तुमचा हात भरला आसंल." त्यांनी पंख्याचा दांडा धरला आणि जोरात फिरवू लागल्या. चाचा म्हणाले, "भाभी, उलटा फिरवताय." "मग सुलटा कसा ते सांगा की, तोंड काय बघता!" वीस मिनिटांत इंजिनानं खाकरून घसा साफ केला. चढावर शेळ्यांसकट सगळे उतरून चालले, माथ्यावर पुन्हा बसले. लेण्याद्रीच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. साडूंनी चोरून अक्कांकडे पाहिलं. अक्का सरळ समोर बघत म्हणाल्या, "थांबवा."

असे प्रत्येक हाताला थांबत आणि दर थांब्याला पंखा फिरवत आम्ही जुन्नरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मंडप निघाला होता, दोन पोरगे सतरंज्या गुंडाळत होते, शालीचा पत्ता नव्हता. माणसं एकेक करून उतरली. ती म्हातारी सगळ्यात शेवटी उतरली, साडूंच्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं कडाकडा मोडली आणि विचारलं, "उद्या किती वाजता हाय रं गाडी?"

साडूंची मान खाली. चाचा आकाशाकडे बघू लागले. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "सातला. पण कोळसा पेटायला येळ लागतो. सव्वासातला या."

दुसऱ्या दिवशी गाडी अर्थातच निघाली नाही. पिंपाचं बूड जळालं होतं, ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणावी लागली. भंगारवाल्याला अक्कांनी चहा पाजून वाटेला लावलं. पुढं साडूंनी आणि चाचांनी बूड नवं केलं, म्हणजे जुन्यातूनच नवं केलं, आणि मोटार अंगणात कितीदा तरी सुरू झाली. पण वेशीबाहेर मात्र ती पुन्हा गेली नाही. आधी चाचा गेले, त्यानंतर दोन वर्षांनी साडू. सत्काराचं दोघांनाही कधी काही वाटलं नाही. मलाच एक गोष्ट अजून खाते. ओतूर ते जुन्नर हा प्रवास त्या मोटारीनं एकदाच केला, आणि त्यातली निम्मी वाट मी बरोबर नव्हतो.