श्रीरंग टेंभुर्णे यांनी माहिती दिली

श्रीरंग टेंभुर्णे भंडाऱ्याहून दिल्लीला आले तेव्हा त्यांना मिशीही धड फुटली नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा पास झाले, ट्रंक उचलली आणि आले. पुढे खाती बदलली, भवनं बदलली, मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट झाला, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. श्रीरंग होते तसेच राहिले. भाजीवाल्यानं कमी तोललं तरी त्याच्याशी वाद घालायला ज्यांची जीभ रेटत नाही, अशांपैकी ते.

अवर सचिव झाल्यावर खात्यानं त्यांच्या गळ्यात आणखी एक काम अडकवलं, जन माहिती अधिकाऱ्याचं. लोक माहिती अधिकारात अर्ज करतात, त्यांना मुदतीत उत्तर द्यायचं. हे काम कुणालाच नको असतं. माहिती नाही दिली तर आयोग दंड ठोकणार, दिली तर वरचे साहेब तोंड फिरवणार. त्यांच्या आधी या खुर्चीवर बसलेल्या चढ्ढांनी जाताना चहा पाजून एकच मंत्र दिला होता, "टेंभुर्णेजी, जवाब देना है, जानकारी नहीं देनी है."

श्रीरंगना ते जमलं नाही. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. कागद कपाटात आहे, कुणीतरी तो मागितलाय, कायदा म्हणतो द्या, तर मग खोटं कारण रचत बसण्याचा त्यांना मनापासून कंटाळा यायचा. ते देऊन टाकत. बहुतेक अर्ज बदल्यांचे, पेन्शनचे, रखडलेल्या बढत्यांचे असत. त्यामुळे कुणाचं फारसं बिघडत नव्हतं.

त्यांची बायको मीनाक्षी नोएडातल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळा एका ट्रस्टची, मुलं घरकाम करणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची. आदल्या वर्षी सरकारी योजनेतून या मुलांना कानाची यंत्रं फुकट मिळाली होती. सगळे त्यांना 'मशीन' म्हणत. शिबिर झालं, हार झाले, फोटो झाले. आणि महिन्याभरातच मीनाक्षी रोज जेवताना एकच रड सांगू लागली.

"आज परत चांदनीनं मशीन काढून दप्तरात कोंबलं. मी विचारलं का गं, तर तिनं हातानं कुकर करून दाखवला. झाकण, शिट्टी, सगळं. आणि मग दोन्ही कान दाबून धरले."

"बसवताना काही चुकलं असेल," श्रीरंग पोळीचा तुकडा मोडत म्हणाले.

"सगळ्यांचंच चुकलं? अहो, मध्येच एकदम एवढा मोठा आवाज येतो की पोरं दचकून उठतात. थोडंफार ऐकू येतंय तेवढंही जाईल अशानं."

"कंपनीला कळवा ना."

"कळवलं. बॅटरी बदला म्हणाले."

बायकोच्या शाळेतल्या गोष्टी नवरे जशा ऐकतात तशा श्रीरंगनी त्या ऐकल्या. ही योजना आपल्याच खात्याची आहे, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. पण ती दुसऱ्या विभागाकडे होती, दुसऱ्या मजल्यावर, आणि दुसऱ्याच्या फायलीत डोकावण्याची त्यांना सवय नव्हती.

मग एक दिवस टपालात इशिता वैराळे या नावाचा अर्ज आला. नोएडातल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर ती वार्ताहर होती. तिनं मोजकं विचारलं होतं. वाटण्याआधी या यंत्रांची तपासणी झाली होती का, आणि झाली असेल तर अहवालाची प्रत मिळावी.

श्रीरंगनी खालच्या मजल्यावरून फाइल मागवली. ती यायला वेळ लागला, दोनदा आठवण द्यावी लागली. आली तेव्हा त्यात सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल सरळ समोरच लावलेला होता. तपासायला घेतलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त नापास. आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो, कान कायमचा अधू होण्याची शक्यता, हा माल वाटू नये. त्याखाली कुणाची तरी टिप्पणी होती, 'शिबिराची तारीख जाहीर झाली आहे. वितरण करावे.' आणि खाली सही.

श्रीरंगनी फाइल मिटली. पाणी प्यायले. पुन्हा उघडून तेच वाचलं. डोळ्यांसमोर ती कधी न पाहिलेली चांदनी कुकर करून दाखवत होती.

घरी ते काही बोलले नाहीत. ऑफिसातलं ऑफिसात, हा त्यांचा नेम होता. नियमाप्रमाणे त्यांनी कंपनीला नोटीस काढली, तुमच्याबद्दलची माहिती मागितली आहे, हरकत असेल तर सांगा. हरकत आली, जाडजूड, वकिलाच्या भाषेत. अहवाल म्हणजे आमचं व्यापारी गुपित आहे, असं त्यात होतं. श्रीरंगनी उत्तरादाखल एक पानाचा आदेश लिहिला. लहान मुलाच्या कानात किती आवाज जातो हे कुणाचंही व्यापारी गुपित असू शकत नाही, असं एक वाक्य त्यात होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण लिहिलेलं एखादं वाक्य त्यांना पहिल्यांदाच आवडलं. कंपनीला वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येत होतं. मुदत उलटेपर्यंत ते थांबले. कंपनीनं अपील केलं नाही. पटलं असेल, असं त्यांना वाटलं. अहवालाची प्रत त्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं इशिताला पाठवून दिली.

त्यानंतर ते रोज सकाळी मेट्रोत ती वेबसाइट उघडू लागले. क्रिकेट होतं, लग्नं होती, कुठल्या राशीला कोणता रंग लाभेल ते होतं. यंत्रांचं नाव नाही. मुलगी मेहनती असेल, आणखी चौकशी करत असेल, असं ते स्वतःला सांगायचे.

शेवटी इशिताच ऑफिसात आली. दुसऱ्या कामासाठी पास काढला होता, जाता जाता आभार मानायला म्हणून दारात उभी राहिली. बारीक चणीची, पाठीवर सॅक. टेबलावरची नावाची पाटी वाचून ती मराठीत बोलली.

"सर, तुम्ही आपल्याकडचे? मी अमरावतीची."

"बसा ना. ती बातमी..."

ती बसली नाही. "बातमी पडली, सर. लिहून झाली होती. आधी लीगलकडे गेली, मग संपादकांकडे, मग वर. वरून निरोप आला, ही कंपनी आपल्याकडे मोठी जाहिरातदार आहे, सध्या थांबा. यार, सगळा कागद हातात होता, सर. एकही शब्द माझा नाही, सगळा सरकारचा. तरी."

कंपनीनं अपील का केलं नाही ते श्रीरंगना आत्ता कळलं.

"मी सोडतेय तिथलं," ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या पेजवर टाकणार आहे."

तिनं टाकलं. थोड्याफार लोकांनी पाहिलं, काहींनी रागाची चिन्हं टाकली. आठवडा उलटायच्या आत कंपनीनं कुठल्याशा कोर्टातून एकतर्फी मनाई आणली. मजकूर खाली उतरला, आणि वर तिला बदनामीच्या दाव्याची नोटीस आली.

तेवढ्यावर भागलं नाही. सहसचिवांनी श्रीरंगना बोलावलं. साहेब आवाज चढवणारे नव्हते. चहा मागवला. मग एक कागद पुढे सरकवला. कंपनीची तक्रार होती. माहिती अधिकाऱ्याची पत्नी नोएडाच्या अमुक शाळेत शिक्षिका आहे. वार्ताहर त्याच शाळेत येऊन गेली होती. दोघंही महाराष्ट्राचे. अधिकाऱ्यानंच अर्ज करवून घेतला आणि स्वतःच मंजूर केला.

"टेंभुर्णेजी, आप जैसे आदमी से ये उम्मीद नहीं थी," साहेब म्हणाले.

"सर, बिल्कुल खोटं आहे हे," श्रीरंगच्या तोंडून मराठीच बाहेर आलं. मग सावरून त्यांनी हिंदीत सांगितलं की त्या बाईंना आपण अर्ज येण्याआधी ओळखतही नव्हतो.

"अच्छा. लिखकर दे दीजिए."

घरी आल्यावर बूटही न काढता त्यांनी मीनाक्षीला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना जरा हसूही येत होतं, इतका तो आरोप त्यांना वेडगळ वाटत होता. मीनाक्षी मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"अहो," ती म्हणाली, "ती इशिता आमच्याकडे आली होती. शिष्यवृत्तीचं काहीतरी विचारायला. मराठी निघाली म्हणून बोलत बसलो. मीच तिला म्हटलं, बाई गं, ही मशीनं तपासली तरी होती का ते सरकारला विचार एकदा."

श्रीरंग खुर्चीवर बसले.

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही हो. तुमच्याकडेच येईल ते, मला काय माहीत? तुम्ही कधी सांगता का घरी काही? मला वाटलं ते आरोग्यवाल्यांकडे जाईल." तिनं मटाराचं ताट बाजूला सारलं. "चुकलं का माझं?"

चुकलं म्हणावं तर काय चुकलं होतं? एका बाईनं वर्गातल्या पोरांसाठी एक प्रश्न विचारायला सांगितला होता. नाही म्हणावं तर साहेबांच्या टेबलावर तो तक्रारीचा कागद होता. "नाही," श्रीरंग म्हणाले, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

खोटं लिहिता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी खरं ते लिहून दिलं. पत्नीचं आणि वार्ताहराचं शाळेत बोलणं झालं होतं, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, माझा आदेश कायद्याप्रमाणेच आहे. सहसचिवांनी ते वाचलं आणि पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. पुढचं वाचलं की नाही कोण जाणे. चौकशी सुरू झाली आणि ती निकाली निघेपर्यंत श्रीरंगना अतिथिगृहांच्या आरक्षणाचं काम मिळालं. कुठल्या साहेबांच्या मेव्हण्यांना मसुरीत खोली हवी, कुणाला तळमजला चालत नाही, हे ते आता दिवसभर पाहू लागले. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं उत्तर कसं द्यायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं.

नापास ठरलेल्या मालाचं कुणी नावही काढलं नाही. प्रयोगशाळेला कुणी विचारलं नाही. 'वितरण करावे' लिहिणाऱ्याची बढती झाली, ती यादी श्रीरंगनी ऑफिसच्या फलकावरच वाचली.

मीनाक्षीला मात्र चैन पडेना. इशितानं तिला अहवालाची प्रत आणून दिली होती. ती घेऊन ती मुख्याध्यापिकांकडे गेली. बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला.

"मीनाक्षीजी, शाळेचं अनुदान याच खात्याकडून येतं. आपण मशीनं परत केली तर मुलांना दुसरी कोण देणार? मी देऊ?"

"पण कान जातील त्यांचे."

"मला समजतं. तुम्हाला वाटतं मला समजत नाही?" बाईंचे डोळे ओले झाले होते. मीनाक्षीनं घडी पर्समध्ये ठेवली.

मग तिनं ठरवलं, निदान आयांना सांगायचं. पालकसभेच्या शनिवारी ती श्रीरंगनाही बरोबर घेऊन गेली. सरकारी माणूस सांगेल तर विश्वास बसेल, असं तिला वाटलं. शाळेत बोलायची सोय नव्हती, म्हणून फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पाच-सात बायका गोळा झाल्या. श्रीरंगनी सोप्या हिंदीत अहवालात काय आहे ते सांगितलं. आवाज जास्त येतो, कानाला इजा होऊ शकते. बायका शांतपणे ऐकत होत्या. एकीनं आपल्या मुलाच्या कानातलं यंत्र लगेच काढलं आणि मुठीत धरून उभी राहिली.

चांदनीची आई पार्वती पुढे आली. सोसायट्यांमध्ये झाडूपोछा करणारी, ओल्या पदराला हात पुसत. चांदनी तिच्या कमरेला बिलगून होती. श्रीरंगनी तिला आज पहिल्यांदा पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती.

"साहब, इसे लगाती हूँ तो कभी-कभी मुझे अम्मा बोलती है," पार्वती म्हणाली. "निकाल देती हूँ तो नहीं बोलती. दूसरी मशीन मिलेगी क्या?"

"अभी तो नहीं," श्रीरंग म्हणाले.

"तो आप सरकारी हैं, आप ही बता दीजिए. लगाएँ कि न लगाएँ?"

जिनं मुठीत यंत्र धरलं होतं त्या बाईसकट सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या. मीनाक्षीही बघत होती. श्रीरंगना सगळी माहिती होती. किती नमुने, किती नापास, कुणाची सही. या प्रश्नाचं उत्तर तेवढं त्या अहवालात नव्हतं.

"आवाज़ एकदम कम रखिए," ते शेवटी म्हणाले. "थोड़ी देर लगाइए, थोड़ी देर निकालिए."

हे खरं आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. पण पार्वतीनं मान डोलावली, हात जोडले, "बहुत मेहरबानी साहब" म्हणाली आणि मुलीच्या कानामागचं बटण खाली करून तिला घेऊन बसस्टॉपकडे निघाली. बाकीच्या बायकाही एकेक करून गेल्या. ज्या बाईनं यंत्र काढलं होतं तिनं ते पुन्हा मुलाच्या कानात बसवलं.

श्रीरंग आणि मीनाक्षी मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले.