गणिताच्या बाईंचे तास

शाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. वेळापत्रक तिच्या हातात होतं. कोणी रजेवर गेलं की त्याचे तास इतरांच्या गळ्यात मारायचे, हे तिचं काम. अशा बाईवर कोण खूश असणार?

गणिताच्या बाई ऑपरेशननंतर लांबलचक रजेवर गेल्या. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकाच डब्यातलं खाल्लेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बदलीवर एखादी मुलगी घेऊ." घड्याळबाई अडून बसली. मैत्रिणीच्या खुर्चीवर नवी कोणी बसली, तर ती हाय खाईल, असं हिनं डोक्यात घेतलं.

मग रोज सकाळी शिक्षकखोलीत रडारड.

"माझा मोकळा तास पुन्हा गिळलात?" चित्रकलेचे सर म्हणाले. "मी अपूर्णांक शिकवू? फार तर रंगवून देईन."

"रंगवा. पण वर्ग गप्प बसवा."

वर्ग गप्प बसायचा. गणित मात्र होत नव्हतं. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसूनही ती रेटत राहिली. आणि दर शनिवारी आजारी मैत्रिणीच्या उशाशी बसून सांगायची, "तुझ्यावाचून सगळं अडलंय गं. पोरं वाट बघतायत." तिला वाटायचं, हेच औषध. मैत्रिणीचा चेहराही खुलायचा.

एका सोमवारी गणिताच्या बाई डोक्याला रुमाल बांधून फाटकात उभ्या. घड्याळबाई धावत फाटकाशी गेली.

"अगं, तू इथं कशी?"

"पोरं अडलीत म्हणालीस ना? औषधं पुढच्या महिन्यावर ढकललीत. घरी यांना थाप मारली, डॉक्टरच हो म्हणाले म्हणून."

पहिला तास निभला. दुसऱ्या तासाला त्या फळ्याशीच खाली बसल्या. नवरा न्यायला आला. त्यांना गाडीत बसवून तो घड्याळबाईकडे वळला. "औषधांत मध्ये खंड पडायला नको होता हो," एवढंच म्हणाला. आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आता घड्याळबाई आडवी आली नाही. त्याच आठवड्यात बदलीवर एक मुलगी आली. हुशार निघाली. पोरं चक्क गणितं सोडवायला लागली. तिकडे गणिताच्या बाईंनी मात्र पुन्हा शाळेचा हट्ट धरला, उपचार नकोच म्हणू लागल्या. नवऱ्यानं फोन केला. "ताई, ती फक्त तुमचंच ऐकते."

घड्याळबाई गेली. चहा तसाच बाजूला ठेवला. मग एका दमात बोलून टाकलं.

"नवी मुलगी ठेवलीय. छान शिकवते. तू यायची गरज नाही."

गणिताच्या बाई उठून बसल्या.

"पोरांना कळतंय?"

"कळतंय."

"माझ्यापेक्षा बरं?"

खोटं बोलायची हिला चांगलीच सवय होती. पण त्या दिवशी तिनं मान हलवली, "हो."

"मग तिला सांग, मागच्या बाकावरच्या त्या लाजऱ्या मुलीला फळ्याशी बोलावू नकोस म्हणावं. जागेवर जाऊन विचार. तिला येतं सगळं." आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारा, उद्या जमेल का."

उपचार सुरू झाले. घड्याळबाई शनिवारी जातच राहिली. पण गणिताच्या बाईंनी शाळेचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि हिला तर दुसरं काही बोलता येत नव्हतं. दोघी खिडकीबाहेर बघत बसायच्या.