धोंडीराम वस्तादांची किटली

ऋचा, निहार, गेल्या महिन्यात तुमच्या बाबांचा फोन आला, “आई, धोंडीराम वस्ताद गेले.” वस्तादांची तालीम आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि बातमी मला परदेशातून कळली... त्या गल्लीतून जाणंच मी वीस वर्षांपूर्वी सोडलं होतं.

तेव्हा तुमचे बाबा वीस वर्षांचे होते. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून पहाटे कळंबा तलावापर्यंत डांबरी रस्त्यानं धावायचे, संध्याकाळी वस्तादांच्या तालमीत वजनं उचलायचे. वेळापत्रक मी आखलेलं, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेलं. नडगी दुखायला लागली तेव्हा मी एक्स-रे काढून आणला. त्यात काही दिसलं नाही, म्हणून बाबांना वस्तादांकडे नेलं, तेल लावून मोकळं करा म्हटलं.

वस्तादांनी पाय मांडीवर घेतला, अंगठा हाडावरून हळूहळू खाली आणला. एका जागी बाबा कळवळले.

“वैनी, ह्ये हाडाचं दुखणं हाय. मी तेल लावणार न्हाय. पळणं बंद, वजनं बंद, आन् हाडाच्या डॉक्टरकडं न्या की!”

“एक्स-रे वाचता येतो का तुम्हाला?”

“न्हाय बा. पोराचं तोंड वाचता येतंय.”

मी वेळापत्रक मोडू दिलं नाही. बारा दिवसांनी धावताना हाड मोडलं; एक्स-रेत न दिसलेली बारीक चीर होती ती. प्लॅस्टर झालं, निवड हुकली.

शेजारणी भेटायला आल्या. “वस्तादानं रगडून मोडलं म्हणं?” मी म्हणाले, “काय सांगू...” एवढंच. बाबांनी मित्रांना खरं सांगितलं, मलाही विनवलं, “आई, तू बोल ना.” पण मी बोलले नाही, आणि गल्लीनं माझं गप्प बसणंच खरं धरलं. दुखऱ्या पायांची मुलं वस्तादांकडे जायची थांबली.

वस्ताद मात्र दर रविवारी किटलीतून बदामाची थंडाई घेऊन यायचे. आत येत नसत. पायरीवरूनच ओरडायचे, “काय पैलवान, हाय का पाय जाग्यावर?” मला कधी एक शब्द बोलले नाहीत. प्लॅस्टर निघाल्यावर यायचे थांबले आणि शेवटची किटली आपल्याकडेच राहिली. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. मी दोनदा लाडू केले, दोन्ही वेळा ते घरातच संपले.

मुलांनो, वस्तादांनी त्या पायाला तेलाचं बोटही लावलं नव्हतं. त्यांनी बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

काल किटली घासली. झाकणावर कोरलेलं त्यांचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की त्या पानाची घडी आत ठेवून किटली त्यांच्या सुनेच्या हातात देणार आहे. त्या गल्लीतून चालत जाऊन.