मनोरीच्या शिडाचा पडदा

अमेरिकेत निघालेला सिनेमाचा रुंद पडदा लंडन, टोकियो करत फोर्टात पोचला आणि अंधेरीला येईपर्यंत त्याचं कापड संपलं. म्हणून आमच्या टॉकीजच्या शेठने पडदा शिवायला मनोरीहून शिडं शिवणारा एक कोळी आणला. नाव कोणी विचारलं नाही. हातभर शिवलं की तो कापडावर फुंकर मारून बघायचा.

पहिल्या खेळाला अर्धी अंधेरी आत होती. पंखे लागले आणि पडदा फुगला. कुमारी नायिका सात महिन्यांची पोटुशी दिसू लागली, घोड्याचा हत्ती झाला. पब्लिक खुर्च्या उपटायला उठलं.

"वाट लावलीस रे! टॉकीज जाळतील माझी!" शेठ ओरडला.

"शिडाला पोट ठेवावंच लागतं, शेठ. नायतर होडी हलंल कशी?"

एवढं बोलून तो पडद्यामागे शिरला. मी, टॉकीजचा पोऱ्या, कडेला उभा राहून बघत होतो. त्याने खालचा दोर ओढून पायाला गुंडाळला, आणि घोडा पुन्हा घोडा झाला. खेळभर तो तसाच दोर ताणून बसला.

फक्त शेवटी पडद्यावर गलबत आलं, तेव्हा त्याने दोर हळूच सैल सोडला. शप्पथ सांगतो, गलबत असं अंगावर आलं की पुढच्या रांगेने पाय वर घेतले.