बॅरिकेडचे स्टंप

ओलसर कपड्यावर गरम इस्त्री फिरली की त्या वासासरशी मला माझा गुन्हा आठवतो. आमच्या कुवेंपुनगरच्या गल्लीत क्रिकेट खेळताना आम्ही पोलिसांच्या बॅरिकेडचे स्टंप केले होते. सगळे पळाले, मी सापडलो, कारण बॅटिंग माझी होती. कोर्टात दंड झाला. पुढे सैन्यभरतीच्या फॉर्मवर ‘पूर्वी गुन्हा नोंदला आहे का?’ असं विचारलं होतं. मी ‘नाही’ लिहिणार, तोच शिंपीकाम करणारे बाबा इस्त्री थांबवून म्हणाले, “ठिगळ लपवलंस की लोक तिथंच बघतात. सुम्मने, गुमान खरं लिही.” मी धावसंख्येसकट लिहिलं. फॉर्म पोलिसांच्या अहवालाशी ताडून भरतीचे साहेब हसले. “लपवलं असतंस तर परत पाठवला असता. आउट झाला होतास?” “नाही, साहेब.” आज वर्दीला इस्त्री मीच करतो, अजून नाबाद आहे.