सुईण किती वेळा आली

भिवंडीच्या गोदामांपलीकडे एक आदिवासी पाडा आहे. तिथे आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. उंबऱ्यावर बसून पाणी प्यायल्याशिवाय त्या एकही प्रश्न विचारत नाहीत. समोरची बाई बोलायला लागली की पदराने चष्मा पुसत राहतात.

पाड्यावर आणि शेजारच्या जमीनवाल्यांच्या गावात लहान मुलं किती दगावतात, याची तुलना हा आमच्या कॉलेजचा प्रकल्प होता. मी अकरा घरं केली होती. "मुलं किती? दगावली किती?" असं उभ्याउभ्याच विचारलं होतं आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं, एकही नाही.

ताईंनी माझे कागद चाळले. "तुझ्या कागदावर आमचा पाडा गावापेक्षा निरोगी हाय गो!" त्या हसल्या, पण लगेच उठल्या. "चल, पयल्या घरापासून."

पहिल्या घरी पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, सुईण किती येळा आली तुझ्याकडं?"

"चार येळा."

अंगणात तिची दोन मुलं खेळत होती. पाचव्या दिवशीची पूजा होण्याआधी गेलेलं मूल इथे कुणी मोजत नाही, हे मला तेव्हा कळलं. ताईंनी उरलेल्या दोघांबद्दल हळूहळू विचारलं आणि मला लिहायला लावलं.

संध्याकाळी घरी आई भाकऱ्या करत होती. मी तिलाही तोच प्रश्न विचारला.

"तीनदा," ती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

आम्ही भावंडं दोघंच आहोत.